आधी सर्टिफिकेट, मग वर्ग: सोलापूरच्या शिक्षकांपर्यंत इंटरनेट कसं पोहोचलं

सोलापूर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पन्नाशीच्या गुरुजींना किंवा बाईंना संगणकाचं पहिलं प्रशिक्षण कोणतं झालं असं विचारलं, तर उत्तर बहुधा एकच येतं: एमएससीआयटी, म्हणजे राज्याचा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम. शिक्षकांच्या इंटरनेट प्रशिक्षणाची आजची घडी समजून घ्यायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

शाळेत संगणक आणायचा विचार त्याहून जुना आहे. केंद्र सरकारचा ‘क्लास’ प्रकल्प १९८४-८५ चा, पण तो निवडक माध्यमिक शाळांपुरता होता. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही आधी महानगरांत. करमाळा, सांगोल्याच्या वस्तीशाळेला या दोन्हींचा स्पर्श झाला नाही.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, एमएससीआयटीचा अभ्यासक्रम आला आणि सरकारी कर्मचाऱ्यांना संगणक अर्हता सक्तीची झाली. ३१ डिसेंबर २००७ ही मुदत ठरली. त्यात परीक्षा पास न झालेल्यांच्या वेतनवाढीवर गदा आली, आणि दिलेल्या वेतनवाढीच्या वसुलीचा विषय पुढे कित्येक वर्षं शिक्षक संघटनांच्या निवेदनांत राहिला. साहजिकच शाळा सुटल्यावर शिक्षक तालुक्याच्या गावी बॅचला जाऊ लागले. माउस धरणं, फाइल सेव्ह करणं, ईमेल आयडी काढून शेजारच्यालाच एक मेल पाठवणं, एवढं शिकून सर्टिफिकेट सेवापुस्तकात नोंदलं जायचं. त्या शिक्षकांनी कष्टच घेतले. दोष अभ्यासक्रमाच्या रोखाचा होता. तो कार्यालयीन कामासाठी आखलेला होता. चौथीच्या परिसर अभ्यासाचा पाठ घेताना इंटरनेटचं काय करायचं, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

माध्यमिक शाळांसाठी डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची ‘आयसीटी’, म्हणजे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची, योजना आली. तिच्यातून शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. अनेक ठिकाणी कंपनीने संगणक पुरवायचे, संगणक शिकवणारा निदेशकही तिनेच द्यायचा आणि ठरावीक वर्षांनी सारं शाळेच्या हवाली करायचं, अशी पद्धत होती. त्यामुळे मुलं ‘कॉम्प्युटरच्या तासाला’ त्या खोलीत जायची आणि गणिताचे, इतिहासाचे शिक्षक खोलीबाहेरच राहायचे. करार संपला की निदेशक जायचा. त्यात ते भारनियमनाचे दिवस. माझ्या मते शिक्षक-प्रशिक्षणाचं सर्वांत मोठं नुकसान या काळात झालं, कारण संगणक हे आपलं काम नव्हे, ही समजूत विषयशिक्षकांत तेव्हाच पक्की झाली.

प्रशिक्षण पोहोचवायची यंत्रणा मात्र होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डाएट’, निर्माण झाल्या. आपल्या जिल्ह्याची डाएट माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरला आहे. राज्यस्तरावर तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला. भाषा-गणिताच्या प्रशिक्षणात ही उतरंड निभावून जाते. इंटरनेटच्या बाबतीत ती खालच्या पायरीवर लंगडी पडते, कारण केंद्रशाळेत पोहोचेपर्यंत हाताने करायचं काम स्लाइडवर बघायचं होऊन जातं.

खरा बदल २०१५ च्या आसपास झाला. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं, लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टॅब आले, गावोगाव ‘डिजिटल शाळा’चे फलक लागले. पुढच्या वर्षी जिओमुळे डेटा स्वस्त झाला. शिक्षकाच्या खिशातल्या मोबाइलचा हॉटस्पॉट हेच कित्येक शाळांचं इंटरनेट झालं, रिचार्जही त्याच्याच पगारातून. शिक्षक एकमेकांकडून शिकू लागले ते याच काळात. व्हिडिओ कसा कापायचा, ऑनलाइन चाचणी कशी बनवायची, हे व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की रात्री दहालाही उत्तर यायचं.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले ते याच वाटेवर. क्यूआर कोड मूळचा १९९४ चा, जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघालेला. त्यांनी तो धड्याशी नेऊन जोडला. पालकाचा मोबाइल कोडवर धरला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ दिसतो, स्वाध्याय उघडतो. यात तंत्र फार थोडं आहे. शिक्षकाचं कसब आधीच्या कामात लागतं: कोणत्या ओळीला मूल अडतं हे ओळखायचं आणि तिथे काय ऐकवायचं ते ठरवायचं. २०१७ मध्ये राज्याने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणायचं जाहीर केलं, त्याच वर्षी ५ सप्टेंबरला ऑनलाइन पाठ आणि शिक्षक-प्रशिक्षणासाठीचं केंद्राचं ‘दीक्षा’ पोर्टल सुरू झालं. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘निष्ठा’सारखं, केंद्राचं समोरासमोर चालणारं शिक्षक-प्रशिक्षणही दीक्षावर गेलं. २०२२ मध्ये वरिष्ठ व निवड या वरच्या वेतनश्रेणींसाठी लागणारं प्रशिक्षण राज्याने ऑनलाइनच घेतलं. सोय मोठी झाली. पण व्हिडिओ शेवटपर्यंत चालवला, प्रश्न सोडवले, प्रमाणपत्र डाउनलोड केलं की प्रशिक्षण पूर्ण, या पद्धतीत वर्गातला तास कोणी बघत नाही. एमएससीआयटीच्या वेळची उणीव ती हीच.

सोलापूरपुरता आणखी एक पदर आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, शहरात उर्दू आणि तेलुगूही. बालभारती आठ भाषांत पुस्तकं काढते, पण त्या पुस्तकांना जुळणारं ऑनलाइन साहित्य मराठीइतकं या भाषांत मिळत नाही. कर्नाटकचे कन्नड व्हिडिओ भरपूर आहेत, मात्र ते तिथल्या अभ्यासक्रमाचे. त्यामुळे अक्कलकोटच्या शिक्षकाला शोधायला शिकवून भागत नाही; रेकॉर्डिंग, संपादन आणि अपलोड करायला शिकवावं लागतं, आणि तेही कन्नडमधून समजावणारा सुलभक, म्हणजे प्रशिक्षक, देऊन.