स्टॅटिक आयपी पाहिजे, पण कुठला? घरातला की बाहेरचा?

सोसायटीच्या कमिटीत ठराव पास होतो की गेटवरचा सीसीटीव्ही मोबाइलवर दिसला पाहिजे. कॅमेरावाला सांगतो, "स्टॅटिक आयपी घ्यावा लागेल." आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, स्टॅटिक म्हणजे न बदलणारा. सेक्रेटरी नेटवाल्याला फोन लावतात, तो त्याचे वर्षाचे वेगळे पैसे सांगतो, खजिनदार कुरकुरत चेक देतात. सगळं सुरू होतं. मग जुलैच्या पावसात एका रात्री लाइट जाते, येते, आणि सकाळी मोबाइलवर कॅमेरे गायब. नेटवाल्याला शिव्या पडतात. पण त्याने दिलेला आयपी जागचा हललेला नसतो. हललेला असतो तो डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याचा, आयपी, आणि त्याचा त्या चेकशी काडीचा संबंध नसतो.

स्टॅटिक आयपी दोन असतात. एक घरातला, तो फुकट आहे आणि तुमच्या हातात आहे. दुसरा बाहेरचा, तो नेट देणाऱ्या कंपनीच्या हातात आहे आणि सहसा पैसे मोजून मिळतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिला जवळपास प्रत्येक घराला लागतो, दुसरा फार थोड्यांना. विकला मात्र दुसराच जातो.

राउटरला दोन तोंडं असतात. आतल्या तोंडाला तुमचा लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही, डीव्हीआर जोडलेले. या सगळ्यांचे पत्ते १९२.१६८.१.५० अशा धाटणीचे. असे पत्ते १९९६ साली खाजगी वापरासाठी राखून ठेवले गेले: १०. ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८. ने सुरू होणारे. ते कुणीही, कुणालाही न विचारता वापरावेत. सोसायटीच्या इंटरकॉमसारखं आहे हे. ७०३ दाबलं की सातव्या मजल्यावरचे काका उचलतात, पण ७०३ हा नंबर दहिसरपासून कुलाब्यापर्यंत शेकडो बिल्डिंगांमध्ये आहे. म्हणून दादरच्या रस्त्यावर उभं राहून नुसतं ७०३ फिरवण्यात अर्थ नाही.

बाहेरच्या तोंडाला नेट कंपनीने दिलेला एक पत्ता असतो. जग तुमच्या घराला त्या एका पत्त्याने ओळखतं, मग घरात वायफायवर पाच जण असोत की पंचवीस.

आधी आतला पत्ता. तो डीएचसीपी नावाची सोय वाटते, आणि ती राउटरमध्येच बसलेली असते. एखादं उपकरण चालू झालं की ते पत्ता मागतं, आणि राउटर आपल्याकडच्या साठ्यातून, समजा १९२.१६८.१.१०० ते २०० यातून, एक देतो. तोही भाड्याने, ठरावीक मुदतीसाठी. निम्मी मुदत सरली की उपकरण स्वतःच नूतनीकरण मागतं. त्यामुळे महिनोन्‌महिने तोच पत्ता टिकतो आणि आपल्याला वाटतं की तो कायमचा आहे. पण हमी कसलीच नाही. लाइट गेली की बऱ्याच घरगुती राउटरची कुणाला काय दिलं याची वही कोरी होते. लाइट आल्यावर सगळे एकदम हात पुढे करतात, आणि कालचा १०४ आज टीव्हीकडे गेलेला असू शकतो.

तो पत्ता पक्का करायच्या दोन रीती आहेत, आणि त्यांतही गोंधळ होतोच. एक म्हणजे उपकरणाच्याच सेटिंगमध्ये जाऊन आयपी, सबनेट मास्क (जाळं कुठपर्यंत ते सांगणारा आकडा), गेटवे (राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) हाताने भरायचं. दुसरी म्हणजे राउटरच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' उघडून सांगायचं की या मॅक ॲड्रेसवाल्याला (मॅक म्हणजे उपकरणाचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) नेहमी हाच आयपी दे. मी दुसरीच्या बाजूने आहे. हाताने भरलेला पत्ता राउटरला ठाऊक नसतो. तुम्ही प्रिंटरला १२० दिलात आणि १२० राउटरच्या साठ्यातलाच निघाला, तर एक दिवस राउटर तोच पत्ता पाहुण्याच्या फोनला देऊन मोकळा होतो. मग दोघं भांडतात, प्रिंटर कधी सापडतो, कधी नाही, आणि असा आजार शोधणं महाकठीण. हाताने भरायचाच असेल तर साठ्याबाहेरचा भरा, ५० किंवा २२०. लॅपटॉपवर तर हाताने भरूच नका, तो ऑफिसात नेलात की तिथे नेट चालणार नाही आणि तिथला आयटीवाला अर्धा तास डोकं खाजवेल. हाताची रीत मी एकाच ठिकाणी मान्य करतो: जे उपकरण राउटर सुरू होण्याची वाट न पाहता आपल्या जागी असलं पाहिजे तिथे. उदाहरणार्थ, नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, लावलेला दुसरा राउटर.

रिझर्व्हेशनलाही खोडी आहे, पण छोटी. लॅपटॉपच्या वायफायचा मॅक वेगळा आणि केबलचा वेगळा, त्यामुळे दोन्ही नोंदवावे लागतात. फोनचं आणखी निराळं. २०१९च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२०च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक न सांगता बनावट सांगतात. नेटवर्क 'फरगेट' करून पुन्हा जोडलं की तो बदलू शकतो. अर्थात फोनला पक्का पत्ता लागतोय कुणाला?

आता बाहेरचा. घरगुती कनेक्शनवर हा पत्ता बहुधा फिरता असतो, राउटर बंद-चालू झाला की बदलू शकतो. स्टॅटिक घेतलात की बदलत नाही. बस, एवढंच. पैसे भरले की बाहेरून कॅमेरे दिसू लागतील ही समजूत चुकीची, कारण पत्ता पक्का झाला तरी दार बंदच असतं. बाहेरून आलेली अनोळखी विनंती राउटर टाकून देतो, आणि द्यायलाच हवी. दार उघडायचं काम पोर्ट फॉरवर्डिंग करतं. तिथे नियम लिहिला जातो की अमुक पोर्टवर (पोर्ट म्हणजे त्याच पत्त्यावरचा दाराचा नंबर) आलेलं सगळं १९२.१६८.१.१०४ कडे पाठव. दोन पत्त्यांची गाठ पडते ती इथे. नियमात लिहिलेला पत्ता आतला आहे. डीव्हीआर १०४ वरून १०७ वर गेला आणि १०४ प्रिंटरला मिळाला, तर बाहेरचा पत्ता कितीही स्टॅटिक असो, राउटर इमानेइतबारे सगळी रहदारी प्रिंटरकडे पाठवत बसतो. त्या पावसाळी सकाळी झालेलं असतं ते हेच.

त्याहून मोठी अडचण म्हणजे बाहेरचा पत्ता तुमचा एकट्याचा नसणं. आयपीव्ही४ चे, म्हणजे वरच्यासारखे चार आकड्यांचे, एकूण पत्ते साधारण ४३० कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे ब्लॉक ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा साठाही शेवटच्या ब्लॉकवर आला. तेव्हापासून कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी २०१२ साली १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा मुद्दाम राखून दिला गेला. या व्यवस्थेत तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, विनंती तुमच्यापर्यंत पोचतच नाही. ती कंपनीच्या पेटीवरच अडते, आणि त्या पेटीची चावी तुमच्याकडे नाही.

तपासायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी', म्हणजे बाहेरच्या तोंडाचा पत्ता, बघा. मग त्याच वायफायवरून आपला आयपी दाखवणारी कुठलीही वेबसाइट उघडा. दोन्ही आकडे जुळले तर पत्ता खरोखर तुमचा. राउटरवर १००.६४ ते १००.१२७ मधलं काही दिसलं तर सीजीनॅट. १०., १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८. दिसलं तर दोन शक्यता: एक तर कंपनी आपल्या आतल्या जाळ्यात तोच पट्टा वापरतेय, नाहीतर फायबरचा डबा स्वतःच राउटर बनून बसलाय आणि त्यामागे तुम्ही आपला दुसरा राउटर लावलाय. दुसऱ्या प्रकारात नेटवाल्याला डबा ब्रिज मोडवर टाकायला, म्हणजे त्याचं राउटरपण बंद करायला, सांगायचं. (टेलस्केलसारखं, लांबची उपकरणं एकमेकांना जोडणारं ॲप असेल तर त्यातही १००. ने सुरू होणारे पत्ते दिसतात. ते त्याच राखीव पट्ट्यातून घेतलेले आहेत, घाबरू नका.)

पत्ता सार्वजनिक आहे पण फिरता आहे, असं निघालं तर स्टॅटिकचे पैसे वाचवा. डायनॅमिक डीएनएसने पत्त्याला एक नाव मिळतं, आणि पत्ता बदलला की राउटर स्वतः त्या नावामागचा आकडा बदलून टाकतो. बऱ्याच राउटरमध्ये ही सोय असतेच. सीजीनॅटमागे मात्र हा उपाय लंगडा पडतो.

पण मुळात डीव्हीआर असा उघड्यावर ठेवावा का? मी म्हणेन, नाही. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याची युक्ती साधी होती: कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या लावून बघायच्या. त्या सैन्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर हल्ला केला, आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन्‌तास अडखळल्या. तुमचा गेटवरचा कॅमेरा अशा फौजेत भरती झाला तर तुम्हाला कळणारही नाही, नेट थोडं मंद वाटेल इतकंच. पोर्टचा आकडा ८००० वरून ४८००० केल्याने फार फरक पडत नाही. सगळ्या पोर्टवर टकटक करत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालूच असतात. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक चालवायची सोय), म्हणजे पोर्ट ३३८९, थेट उघडणं तर त्याहून वाईट.

त्याऐवजी घरी स्वतःचा व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या जाळ्यात येण्याचा कुलूपबंद बोगदा, बसवा. वायरगार्ड हा सध्याचा सुटसुटीत पर्याय, २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. यासाठी एकच पोर्ट उघडावा लागतो, आणि ओळखीची किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. टकटक करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. सीजीनॅटमागे असाल तर टेलस्केलसारखी सोय वापरा. त्यात घरचं उपकरण आणि तुमचा फोन, दोघंही आतून बाहेर हात पुढे करतात आणि मधला सर्व्हर त्यांची भेट घालून देतो, म्हणून बाहेरून कुठलंच दार उघडावं लागत नाही. घरगुती वापरासाठी ते फुकटात भागतं. लॅमिंग्टन रोडवर राउटर घ्यायला गेलात तर खोक्यावर 'व्हीपीएन पासथ्रू' वाचून खूश होऊ नका. त्याचा अर्थ राउटर दुसऱ्याचा व्हीपीएन आरपार जाऊ देतो, एवढाच. तुम्हाला हवा 'व्हीपीएन सर्व्हर'.

व्हीपीएनमुळे आतला पक्का पत्ता पुन्हा कामाला येतो. पुण्याला बसून १९२.१६८.१.५० टाइप केलं की घरचा डीव्हीआर उघडतो. एक पाचर मात्र आहे. पुण्याच्या घरचं वायफायही १९२.१६८.१. वर असेल, आणि शक्यता दांडगी आहे, तर लॅपटॉपला कळत नाही की हा ५० इथला की मुंबईचा. तो इथलाच शोधतो आणि हात हलवत परत येतो. इंटरकॉमचा ७०३ दोन्ही बिल्डिंगांत, तशी गत. म्हणून रिझर्व्हेशन करायच्या आधीच घरचा पट्टा बदलून घ्या, काहीतरी विक्षिप्त निवडा, १९२.१६८.७३. किंवा १०.४७.१२. असा. नंतर बदलायला गेलात तर सगळी यादी नव्याने लिहावी लागते. आणि सगळं लागलं की तपासताना फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा. घरच्याच वायफायवरून आपल्याच बाहेरच्या पत्त्यावर परत येणं काही राउटरना जमत नाही, आणि चालू असलेली गोष्ट बंद भासते.

आयपीव्ही६ चं, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीचं, थोडक्यात. तिथे पत्त्यांचा दुष्काळ नाही, प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळू शकतो, त्यामुळे सीजीनॅटची भानगड नाही. तरी राउटरचा फायरवॉल बाहेरून येणाऱ्याला अडवतोच, पत्त्याचा पुढचा भाग कंपनी बदलू शकते, आणि तुम्ही ज्या हॉटेलच्या वायफायवर असाल तिथे आयपीव्ही६ नसेल तर सगळंच मुसळ केरात.

मग बाहेरचा स्टॅटिक घ्यायचाच कुणी? ज्यांच्या कंपनीचा सर्व्हर यादीत नोंदवलेल्या पत्त्यांनाच आत घेतो त्यांनी. इथे कुणी तुमच्या घरात येत नसतं, तुम्ही बाहेर जाताना ओळखले जाता, आणि हे काम डायनॅमिक डीएनएसने सहसा होत नाही. सीएच्या ऑफिसात सर्व्हर असेल आणि दोन-तीन शाखा दिवसभर त्यावर काम करत असतील तर त्यांनीही घ्यावा. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा की पत्ता सार्वजनिक आहे ना, की कंपनीच्या जाळ्यातलाच एक खाजगी आकडा पक्का करून देणार आहात. सुरू झाल्यावर राउटरच्या वॅन आयपीत तोच आकडा दिसला पाहिजे.

आणि राउटर बदलायची वेळ आली तर जुना काढण्याआधी रिझर्व्हेशनच्या आणि पोर्टच्या पानांचे फोनवर फोटो काढून ठेवा. एका कंपनीच्या राउटरची बॅकअप फाइल दुसऱ्या कंपनीच्या राउटरला चालत नाही, आणि नवा लावायला आलेला पोरगा ती यादी पुन्हा भरत बसणार नाही.