कोट ऑफ आर्म्स देतं कोण आणि नोंदवतं कोण? या कायद्यामागची पार्श्वभूमी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवर काढलेलं ओळखीचं चिन्ह, आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळतो. नेटवर आडनाव टाकलं की ढाल, दोन सिंह, वर शिरस्त्राण असं "तुमच्या घराण्याचं चिन्ह" मगवर नाहीतर फ्रेममध्ये छापून देणारी दुकानं भरपूर आहेत. पण ज्या देशांत हे चिन्ह खरंच कायद्याने दिलं जातं तिथे असल्या ढालीला काडीचीही किंमत नाही. तिथे चिन्ह ठरावीक माणसाला, शहराला, युनिव्हर्सिटीला किंवा कंपनीला दिलेलं असतं, माणसाचं असेल तर वारसांकडे जातं, आणि त्याची नोंद कुठल्यातरी दप्तरात असते.

सुरुवातीला मात्र असलं काहीच नव्हतं. बाराव्या शतकात युरोपात सरदारांचे चेहरे शिरस्त्राणाखाली झाकले जायला लागले, टूर्नामेंटची, म्हणजे सरदारांच्या लुटुपुटूच्या लढायांची, हौस वाढली, आणि माणूस लांबून ओळखू यावा म्हणून ज्याने त्याने आपापल्या ढालीवर रंग आणि आकृत्या काढल्या. परवानगी कोणाची घ्यायची हा प्रश्नच नव्हता. मग बापाचं चिन्ह मुलगा वापरायला लागला, तेच चिन्ह दस्तऐवजावरच्या लाखेच्या शिक्क्यावर आलं, आणि इथे खरी अडचण सुरू झाली, कारण शिक्का म्हणजे त्या माणसाची सही, आणि दोघांची सही सारखीच असेल तर जमिनीचे व्यवहार, कर्ज, करार सगळ्यातच घोळ.

यावर पहिल्यांदा वकिली डोक्याने नीट विचार केला तो इटलीच्या बार्तोलो दा सास्सोफेर्रातोने. हा चौदाव्या शतकातला फार मोठा कायदेपंडित, १३५७ मध्ये वारला. त्याचं म्हणणं असं की नाव जसं कोणीही घेऊ शकतो तसं चिन्हही कोणीही घेऊ शकतो, राजाने द्यायलाच हवं असं काही नाही, फक्त दुसऱ्याचं चिन्ह घेऊन त्याचं नुकसान होत असेल तर न्यायाधीशाने ते थांबवावं. एक जर्मन माणूस रोमला जातो आणि तिथे एका इटालियन माणसाच्या ढालीवर आपलंच चिन्ह बघतो, तर त्याला तक्रार करता येईल का? बार्तोलो म्हणतो नाही, दोघं इतक्या लांब राहतात की कोणाची गल्लत होणारच नाही. आजच्या ट्रेडमार्कच्या केसमध्ये गिऱ्हाईक फसेल का हे बघतात, जवळपास तोच विचार सहाशे-साडेसहाशे वर्षांपूर्वी. राजाकडून मिळालेल्या चिन्हाला मान जास्त, वाद झाला तर त्याचं पारडं जड, हे तो मान्य करतोच. पण मूळ हक्क वापरातून येतो की देणाऱ्याकडून, हा वाद तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे, आणि पुढे वेगवेगळ्या देशांनी जे कायदे केले ते या दोनपैकी एका बाजूला कलतात.

इंग्लंड राजाच्या बाजूला कलला, आणि त्यात एका खटल्याचा मोठा हात होता. १३८५ साली दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला तेव्हा त्याच्या सैन्यातल्या दोन सरदारांच्या ढालींवर एकच चिन्ह निघालं, निळ्यावर सोनेरी तिरपा पट्टा. एक यॉर्कशायरचा रिचर्ड स्क्रोप, दुसरा चेशायरचा रॉबर्ट ग्रॉव्हनर. स्क्रोपने कोर्ट ऑफ शिव्हल्रीत दावा लावला, म्हणजे सरदारकीच्या आणि लष्करी मानाच्या भानगडी बघणाऱ्या वेगळ्या कोर्टात, आणि मग शेकडो साक्षी झाल्या, त्यात राजाचा काका जॉन ऑफ गाँट होता आणि कवी जेफ्री चॉसरसुद्धा. चॉसरची १३८६ ची साक्ष अजून वाचायला मिळते. तो सांगतो की मी लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जात होतो, एका घराबाहेर हे चिन्ह टांगलेलं दिसलं, मी विचारलं स्क्रोपची मंडळी इथे उतरलीत का, तर समोरचा म्हणाला हे स्क्रोपचं नाही, ग्रॉव्हनरचं आहे, आणि ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला ही साक्ष फार महत्त्वाची वाटते, कारण कोर्ट कागद मागत नव्हतं, कागद नव्हताच. लोकांनी हे चिन्ह कुठल्या लढाईत, कुठल्या चर्चच्या खिडकीत, कोणाच्या अंगावर पाहिलं एवढाच पुरावा.

१३८९ मध्ये निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला. ग्रॉव्हनरला सांगितलं की त्याच चिन्हाला पांढरी किनार लावून वापर. ते दोघांनाही पटलं नाही, प्रकरण राजाकडे गेलं, आणि १३९० मध्ये राजा म्हणाला की किनार हा फरक जवळच्या नातेवाइकाला शोभतो, परक्या माणसाला नाही. शेवटी ग्रॉव्हनरने पट्टा सोडला आणि सोनेरी गव्हाची पेंढी घेतली, ती आजही त्याच घराण्याच्या, म्हणजे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या चिन्हात आहे. गंमत म्हणजे कॉर्नवॉलच्या कार्मिनो घराण्याचंही चिन्ह तेच होतं, त्यांचा दावा थेट किंग आर्थरच्या काळापासूनचा, आणि त्यांच्याकडे ते राहू दिलं.

साक्षीदारांच्या आठवणींवर असे खटले चालवणं किती खर्चाचं आणि वेळखाऊ हे सगळ्यांनी पाहिलं होतं. १४१७ मध्ये पाचव्या हेन्रीने काही काउंटींच्या शेरीफना हुकूम पाठवला की वाडवडिलांपासून हक्क नसेल किंवा अधिकार असलेल्या माणसाने दिलेलं नसेल तर कोणीही चिन्ह लावून सैन्यात यायचं नाही, सूट फक्त अजिन्कूरच्या लढाईत माझ्यासोबत लढलेल्यांना. मग १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डने हेराल्डांची, म्हणजे चिन्हं ठरवणाऱ्या आणि नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांची, संस्थाच काढली, तीच कॉलेज ऑफ आर्म्स. १५५५ मध्ये तिला नवी सनद मिळाली, १६६६ च्या लंडनच्या आगीत तिची इमारत जळाली पण दप्तर वाचलं, आणि ती आजही लंडनमध्ये तेच काम करते. तिच्यावर देखरेख अर्ल मार्शल या दरबारी अधिकाऱ्याची, ते पद १६७२ पासून ड्यूक ऑफ नॉरफोकच्या घराण्यात वंशपरंपरेने आहे.

नियम आले तरी गावोगावी ते पाळतंय कोण हे बघायला १५३० पासून हेराल्ड स्वतः काउंटी-काउंटीत फिरायला लागले. याला व्हिजिटेशन म्हणायचे. गावात यायचे, चिन्ह वापरणाऱ्या प्रत्येकाला बोलवायचे, वंशावळ आणि पुरावा मागायचे, पटलं तर नोंद. नाही पटलं तर त्या माणसाकडून लिहून घ्यायचे की माझा हक्क नाही, आणि त्याचं नाव चारचौघांत जाहीर व्हायचं. खिडकीवर, भांड्यावर, थडग्यावर कोरलेलं खोटं चिन्ह खरवडून टाकायचाही अधिकार त्यांना होता. या फिरत्यांच्या वह्या म्हणजे आज इंग्लंडच्या वंशावळींचा खजिना आहे, पण ज्याच्या बापाच्या थडग्यावरचं चिन्ह खरवडलं गेलं त्याला काय वाटलं असेल याचाही विचार करायला हवा. १६८८ नंतर हे फिरणं बंदच पडलं, नव्या राजाने तसे हुकूमच काढले नाहीत.

कोर्ट ऑफ शिव्हल्रीचीही पत तोपर्यंत गेली होती. १६४० मध्ये एडवर्ड हाइड या खासदाराने पार्लमेंटमध्ये एक किस्सा सांगितला. लंडनचा एक नागरिक नावाड्याशी भाड्यावरून भांडत होता, नावाड्याच्या अंगावर त्याच्या लॉर्डचा हंसाचा बिल्ला होता, नागरिक रागात म्हणाला जा तुझं बदक घेऊन, आणि एवढ्यावरून लॉर्डच्या चिन्हाचा अपमान झाला म्हणून त्याला या कोर्टात खेचून दंडाखाली पार बुडवला. कायदा गल्लत टाळायला जन्मला आणि मोठ्यांचा अहंकार जपायला वापरला गेला. माझ्या मते कोर्टाच्या उतरणीचं खरं कारण हेच. अठराव्या शतकात ते झोपलं ते एकदम २१ डिसेंबर १९५४ ला उठलं, तेही एकाच केससाठी. मँचेस्टर महापालिकेचं चिन्ह तिथल्या एका नाट्यगृहाने रंगमंचाच्या पडद्यावर आणि कंपनीच्या शिक्क्यात वापरलं होतं. न्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी निकाल पालिकेच्या बाजूने दिला, पण सांगितलं की नुसती शोभा म्हणून चिन्ह लावण्यावर तक्रार होऊ शकते का याची मला शंका आहे, आणि खरंच मोठं कारण असल्याशिवाय हे कोर्ट पुन्हा बोलावू नका. म्हणजे इंग्लंडमध्ये चिन्ह देण्याची यंत्रणा पक्की, पण चोराला पकडायची यंत्रणा जवळपास बंद.

स्कॉटलंडचं बरोबर उलटं. तिथे १५९२ आणि १६७२ चे कायदे आहेत आणि ते आजही जिवंत आहेत. १६७२ च्या कायद्याने सगळ्या चिन्हांचं एकच सरकारी रजिस्टर सुरू केलं, नोंद नसलेलं चिन्ह वापरलं तर शंभर पौंड दंड आणि ज्या वस्तूंवर ते कोरलंय त्या जप्त. लॉर्ड लायन हा तिथला मुख्य अधिकारी, तोच चिन्ह देतो आणि तोच न्यायाधीश, त्याच्या कोर्टाला स्वतःचा सरकारी वकील आहे. २०१५ च्या आसपास एअरड्री आणि एअर युनायटेड या फुटबॉल क्लबांच्या बॅजवरून प्रकरण उभं राहिलं, कारण ढालीच्या आकारावर अक्षरं, आणि रजिस्टरमध्ये नोंद नाही. फॅन्स चिडले, पण कायदा स्पष्ट होता.

फ्रान्समध्ये नोंदणीमागे वेगळंच कारण होतं, पैसा. युद्धात खजिना रिकामा झालेल्या चौदाव्या लुईने १६९६ मध्ये फर्मान काढलं की चिन्ह असलेल्या प्रत्येकाने फी भरून नोंद करायची, साध्या माणसाला २० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन). शार्ल दोझिए या माणसाकडे काम दिलं आणि लाखाहून जास्त चिन्हं गोळा झाली, त्यात कारागिरांच्या संघटना, भटारी, खाटीक सगळे. ज्यांनी नोंदवलं नाही त्यांच्या माथी अधिकाऱ्यांनीच बनवलेलं चिन्ह मारलं आणि फी वसूल केली. १७९० मध्ये क्रांतीने सगळंच रद्द केलं. ब्रिटनने तर १७९८ मध्ये चिन्ह वापरण्यावर वार्षिक करच लावला, तो १९४४ पर्यंत चालला.

आता आपल्याकडे. आपल्याकडे मराठा घराण्यांचं देवक असतं, ते कोणी देत नाही आणि कुठे नोंदवत नाही, परंपरेने चालत येतं, म्हणजे बार्तोलोच्या बाजूचं. जरीपटका, नौबत, माही मरातिब ही मानचिन्हं मात्र वरून मिळायची. ढालीवरचं युरोपियन चिन्ह आलं ते इंग्रजांसोबत, आणि मुंबईतलं त्याचं सगळ्यात देखणं उदाहरण सर जमशेटजी जीजीभॉय यांचं. १८५७ मध्ये ते बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा 'सर' किताब मिळालेले, पहिले भारतीय झाले. त्यांच्या ढालीवर आपल्या सह्याद्रीच्या घाटामागून उगवणारा सूर्य आहे, वर दोन मधमाशा, आणि शिरोभागी कणीस चोचीत धरलेला मोर. लंडनच्या नियमात बसवलेली ढाल, पण डोंगर आपले. हा किताब पुढे चालवायला १८६० मध्ये खास कायदा झाला आणि वारसाने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचं असं त्यात ठरलं.

संस्थानिकांची गोष्ट वेगळी. १ जानेवारी १८७७ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवला आणि राजेरजवाड्यांना एकेक भरजरी निशाण दिलं, त्यावर युरोपियन पद्धतीचं चिन्ह. ही चिन्हं बनवली रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या सनदी अधिकाऱ्याने, कोणाच्या दंतकथेतून, कोणाच्या देवातून, कोणाच्या जुन्या निशाणातून. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे नाग त्यातलेच. बडोद्याचे सयाजीराव तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे होते आणि त्या दरबारात हजर होते. याच दरबाराला पुण्याहून सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, खादी घालून गेले होते, सभेचं मानपत्र घेऊन. एकीकडे सरकार राजांना निशाणं वाटतंय आणि दुसरीकडे हा माणूस स्वतः निवडलेल्या कापडात उभा आहे, मला यातलं दुसरं चिन्ह जास्त मोठं वाटतं.

गोव्यात पोर्तुगीजांनी १९३५ मध्ये सगळ्या वसाहतींना एकाच साच्याची सरकारी चिन्हं ठरवून दिली, पोर्तुगालच्या पाच छोट्या ढाली, खाली हिरव्या-पांढऱ्या लाटा आणि गोव्यासाठी सेंट कॅथरिनचं चाक, कारण अल्बुकर्कने गोवा घेतला तो २५ नोव्हेंबर १५१०, तिच्या सणाचा दिवस.

स्वातंत्र्यानंतर भारताने खासगी चिन्हं देणारं खातं काढलंच नाही. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता गेली, त्यामुळे त्यांची चिन्हं आता वाड्यांच्या दारावर आणि हॉटेलांच्या लोगोत, त्यांना संरक्षण हवं तर ट्रेडमार्कचा रस्ता. कायदा आहे तो राष्ट्रीय चिन्हांसाठी. १९५० च्या कायद्याने काही नावं आणि चिन्हं धंद्यासाठी वापरायला बंदी आहे, त्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आहे, हे फार जणांना माहीत नसतं. २००५ चा कायदा खास अशोकस्तंभाच्या राजमुद्रेसाठी, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि २००७ चे नियम स्पष्ट म्हणतात की माजी मंत्री, माजी खासदार, माजी आमदार, निवृत्त अधिकारी यांनाही परवानगीशिवाय ती वापरता येत नाही, तेव्हा जुन्या लेटरहेडवर ती मिरवणाऱ्यांनी हे वाचावं.

परदेशातल्या मराठी माणसाला खरंखुरं चिन्ह हवं असेल तर रस्ता आहे. कॅनडाने ४ जून १९८८ ला स्वतःची संस्था काढली, नागरिक तिथे अर्ज करू शकतात आणि तिचं रजिस्टर ऑनलाइन कोणालाही बघता येतं. दक्षिण आफ्रिकेत १९६२ च्या कायद्याखाली प्रिटोरियात नोंदणी होते. अर्जदाराशी बोलून हेराल्ड चिन्ह ठरवतात, त्यामुळे सह्याद्री, बैलजोडी, पळसाचं पान असं काहीही ढालीवर येऊ शकतं, अट एवढीच की आधीच नोंदलेल्या दुसऱ्या कोणाच्या चिन्हाशी ते जुळायला नको.