अण्णावरू : राजकुमार यांच्या लोकप्रियतेमागचा इतिहास

कन्नडचा पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ चित्रित झाला तो आपल्या कोल्हापुरात, १९३४ साली. बंगळुरात त्यासाठी लागणारा स्टुडिओच नव्हता. नंतरची अनेक वर्षं कन्नड चित्रपटांचा मुक्काम मद्रासला पडला. तमिळ आणि तेलुगू चित्रपटांची गडबड आटोपली की उरलेल्या वेळात आणि उरलेल्या सेटवर कन्नड चित्रपट उरकायचा, अशी एकंदर अवस्था. कन्नड बोलणारी माणसंही तेव्हा एका छताखाली नव्हती. म्हैसूर संस्थान, मुंबई इलाखा, निजामाचं राज्य, मद्रास इलाखा, कोडगू अशी त्यांची वाटणी झालेली. कन्नड चित्रपटांचे नायक राजकुमार, म्हणजे चाहत्यांचे ‘अण्णावरू’ (थोरले भाऊ), यांच्याबद्दल कर्नाटकात जी भक्ती दिसते, ती निव्वळ फिल्मी वेड म्हणून समजून घ्यायला गेलं तर हाती काही लागत नाही. हे विखुरलेपण आधी ध्यानात घ्यावं लागतं.

खुद्द त्यांचं गावही याच वाटणीत सापडलं. २४ एप्रिल १९२९ रोजी गाजनूर इथं जन्मलेल्या या मुलाचं नाव मुत्तुराजू. गाव कन्नड बोलणारं, पण भाषावार प्रांतरचनेनंतरही ते तामिळनाडूतच राहिलं. कन्नड अस्मितेचं सर्वांत मोठं प्रतीक ठरलेल्या माणसाचं जन्मगाव कर्नाटकाच्या नकाशावर नाही, हे अनेकांना माहीत नसतं.

वडील सिंगानल्लूर पुट्टस्वामय्या कंपनी नाटकांतले नट. मुत्तुराजूची शाळा जेमतेम झाली. खरं शिक्षण गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत. किर्लोस्कर, गंधर्व या कंपन्यांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे जग वेगळं सांगायला नको. पदं स्वतः गायची, संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचे, वेळ पडली तर मिळेल ते सोंग घ्यायचं. पुढे पडद्यावर त्यांचं जे उच्चारण ऐकून लोक थक्क व्हायचे, ते या कंपनीत घोटलेलं होतं. शिष्ट कन्नड आणि खेड्यातली कन्नड, दोन्ही त्यांच्या तोंडी सारख्याच सहज बसत.

१९५४ साली एच. एल. एन. सिंहा यांनी ‘बेडर कण्णप्पा’त त्यांना नायक केलं आणि मुत्तुराजूचा राजकुमार झाला. महादेवाला स्वतःचे डोळे काढून देणाऱ्या शिकारी भक्ताची ही कथा. राज्य पुनर्रचनेला अजून दोन वर्षं अवकाश होता. म्हणजे एकत्रित राज्य आणि हा नट जवळपास बरोबरच उभे राहिले.

उभं राहणं सोपं मात्र नव्हतं. चित्रपट मोजके, त्यात डब केलेल्या तेलुगू-तमिळ चित्रपटांची स्पर्धा. काम नसलेल्या दिवसांत राजकुमार, बालकृष्ण, नरसिंहराजू आणि जी. व्ही. अय्यर यांनी कलावंतांचा संघ काढला, नाटकं करत दौरे केले आणि १९६० मध्ये ‘रणधीर कंठीरव’ हा चित्रपट काढला. साठच्या दशकात साहित्यिक अ. न. कृष्णराव यांच्यासारख्यांनी डबिंगविरुद्ध जी मोहीम उघडली, तिलाही राजकुमार यांची साथ होती. कायदा नसतानाही ही अघोषित बंदी काही दशकं टिकली. तिनं कन्नड धंदा वाचवला, की प्रेक्षकाची निवड हिरावून घेतली, यावर आजही वाद होतो. माझ्या मते दोन्ही घडलं.

भूमिकांची यादी दोनशेच्या वर जाते, ती सगळी इथं द्यायचं कारण नाही. संत तुकाराम त्यांनी १९६३ मध्ये रंगवले आणि १९७४ च्या ‘भक्त कुंबार’मध्ये तेरढोकीचे गोरोबा काका. विठ्ठल कर्नाटकाचाही आहेच, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला त्यात काही परकं वाटलं नाही. इम्मडी पुलकेशी, कृष्णदेवराय, कदंब वंशाचा मयूर अशा राजांच्या भूमिकांमुळे नव्या राज्याला आपला जुना इतिहास डोळ्यांपुढे दिसला. मधल्या काळात बाँडच्या वळणाचे हेरपटही त्यांनी केले.

पण त्यांना घराघरांत नेलं ते १९७२ च्या ‘बंगारद मनुष्य’नं. टी. के. रामराव यांच्या कादंबरीवरचा सिद्धलिंगय्यांचा हा चित्रपट. शिकलेला राजीव मेहुण्याच्या निधनानंतर बहिणीच्या गावी राहतो, खडकाळ माळ फोडून शेत उभं करतो, भाच्यांना मार्गी लावतो. शेवटी त्याच घरात त्याच्यावर संशय घेतला जातो, तेव्हा तो एका शब्दानं भांडत नाही. ताटावरून उठतो आणि निघून जातो. बंगळुरात केंपेगौडा रस्त्यावरच्या स्टेट्स थिएटरात हा चित्रपट दोन वर्षं चालला. तो पाहून शहरातली नोकरी सोडून शेतीकडे वळलेल्या तरुणांच्या गोष्टी कर्नाटकात अजून सांगितल्या जातात.

आवाजाची कथा निराळीच. कंपनीत गाऊन तयार झालेला हा नट पडद्यावर वर्षानुवर्षं पी. बी. श्रीनिवास यांच्या आवाजात गात राहिला. १९७४ मध्ये ‘संपत्तिगे सवाल’साठी त्यांनी स्वतः गाणं म्हटलं, म्हशीच्या पाठीवर बसून तिलाच उद्देशून म्हटलेलं ‘यारे कूगाडली’. त्यानंतर लोकांना दुसरा आवाज चालेना. ‘जीवन चैत्र’मधल्या गाण्यासाठी त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. १९८३ मध्ये पद्मभूषण आणि १९९५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे त्यांचे इतर मोठे मान. पैशाचा आणि निर्मितीचा सगळा कारभार पत्नी पार्वतम्मा यांच्या हाती होता. कथा निवडण्यापासून वितरणापर्यंत त्यांचा शब्द चाले. या बाईंची कर्तबगारी चरित्रकार एका परिच्छेदात उरकतात, ते बरोबर नाही.

राजकारणापासून राजकुमार लांब राहिले. अपवाद म्हणावा तर गोकाक चळवळीचा. शाळेत कन्नडला प्रथम भाषेचं स्थान द्यावं, असा अहवाल वि. कृ. गोकाक समितीनं १९८१ मध्ये दिला. साहित्यिकांच्या आंदोलनाला म्हणावी तशी धार येत नव्हती. १९८२ मध्ये राजकुमार उतरले आणि सभांना मैदानं पुरेनाशी झाली. मुख्यमंत्री गुंडूराव यांच्या काँग्रेस सरकारला मागणी मान्य करावी लागली. पुढच्या वर्षी काँग्रेसनं सत्ता गमावली, त्यामागे शेतकरी आंदोलनासारखी इतर कारणंही होती. बेळगावच्या मराठी माणसाला मात्र हीच चळवळ सक्ती वाटली, आणि तिथं अण्णावरूंविषयीची भावना म्हैसूरइतकी सरळ कधीच नव्हती. हे लिहिल्याशिवाय मराठीतली पार्श्वभूमी पुरी होत नाही.

३० जुलै २००० च्या रात्री चंदनतस्कर वीरप्पननं त्यांना गाजनूरच्या शेतघरातून पळवून नेलं. वय ७१. कावेरीच्या पाण्यापासून तुरुंगातल्या साथीदारांच्या सुटकेपर्यंत मागण्या आल्या. साथीदारांवरचे टाडाचे खटले मागे घ्यायला सरकारं तयार झाली, तर ते सर्वोच्च न्यायालयानं अडवलं. ती याचिका वीरप्पनच्या टोळीनं मारलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या वडिलांची होती. एकाच माणसासाठी कर्नाटक आणि तामिळनाडू या दोन राज्यांची सरकारं इतकी का वाकली, याचं उत्तर बंगळुरच्या रस्त्यांवर होतं: त्यांना काही झालं तर तिथल्या तमिळ वस्त्यांचं काय होईल, ही धास्ती. १०८ दिवसांनी, १५ नोव्हेंबरला ते सुटले.

ती धास्ती फोल नव्हती, हे १२ एप्रिल २००६ रोजी दिसलं. राजकुमार घरीच हृदयविकारानं गेले, तरी शहर पेटलं. बस जळल्या, गोळीबार झाला, एका पोलिसासह काही जणांचे जीव गेले. अंत्यदर्शनाची व्यवस्था सरकारला धड करता आली नाही, हे त्यामागचं एक कारण. चाहत्यांना ‘अभिमानी देवरुगळु’, म्हणजे ‘चाहते हेच देव’, म्हणून हात जोडणाऱ्या माणसाच्या निरोपाला हे व्हावं, याची खंत पुष्कळ कन्नड लेखकांनी तेव्हाच बोलून दाखवली. त्यांचे डोळे दान झाले. कंठीरव स्टुडिओत त्यांचं दफन झालं. २०२१ मध्ये धाकटा मुलगा पुनीत ४६ व्या वर्षी अचानक गेला, तेव्हा त्याचेही डोळे दान झाले. लाखोंची गर्दी लोटली, पण या वेळी बंदोबस्त चोख होता आणि शहर शांत राहिलं.