माशी निषिद्ध, मध मात्र चालतो

बॅबिलोनियातल्या राव शेशेत या ज्यू पंडितांपुढे एकदा प्रश्न आला : गाढवाचं मूत्र प्यायला चालतं का? घोड्याच्या आणि उंटाच्या मूत्राबद्दल विचारणाऱ्यांना शंका नव्हती. ते स्वच्छ असतं, पाणी आत जातं आणि पाणीच बाहेर येतं. गाढवाचं मात्र गढूळ, दुधासारखं दिसतं, म्हणून अडलं होतं. शेशेत यांनी मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहातल्या नियमावर बोट ठेवलं : अशुद्धातून निघालं ते अशुद्ध. गाढव निषिद्ध, म्हणून त्याच्यातून निघालेलंही निषिद्ध.

लगेच आक्षेप आला. मग मधाचं काय?

तालमूद म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरच्या पंडितांच्या चर्चा. त्याच्या ‘बखोरोत’ या भागात सातव्या पानावर हा संवाद आहे. मध कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांना धरून, आहे की नाही, या चर्चेची मुख्य जागा हीच. गंमत म्हणजे मध चालतो यावर तिथे कोणाचाच वाद नाही. तो का चालतो, यावर आहे. पुढची दीड-दोन हजार वर्षं बाकीच्या मधांचे निवाडे त्या ‘का’वरच अडत आले.

अडचण साधी होती. बायबलच्या ‘लेवीय’ पुस्तकात अकराव्या अध्यायात पंख असलेले किडे निषिद्ध ठरवले आहेत. त्यातून टोळांचे चार प्रकार तेवढे सुटले. मधमाशी त्यात नाही, म्हणजे ती खाता येत नाही. उंटीण निषिद्ध, म्हणून तिचं दूधही निषिद्ध. त्याच हिशेबाने मधही बाद व्हायला हवा होता. पण त्याच बायबलात ईश्वराने देऊ केलेला देश ‘दूध-मधाने वाहणारा’ आहे, योनाथान रानातल्या पोळ्यात काठी बुडवून मध चाटतो आणि शमशोन सिंहाच्या सांगाड्यातला मध ओंजळीत घेऊन खात चालतो.

यावर दोन उत्तरं दिली गेली. पहिलं निसर्गाच्या निरीक्षणावर आधारलेलं : माश्या रस अंगात घेतात, पण तो त्यांच्या अंगातून तयार होत नाही. माशी म्हणजे निव्वळ पिशवी. बखोरोतच्याच मिश्नात याच्याशी जुळणारी एक गोष्ट आहे. निषिद्ध माशाने शुद्ध मासा गिळला, तर पोटातून काढलेला तो शुद्ध मासा खाता येतो, कारण तो गिळणाऱ्याच्या अंगात वाढलेला नाही.

दुसरं उत्तर रब्बी, म्हणजे धर्मगुरू, याकोव यांचं. त्यांना माशीच्या पोटात डोकवायची गरजच वाटली नाही. लेवीयातलं वाक्य ‘हे तेवढं खा’ असं आहे. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला : निषिद्ध उडता किडा खाऊ नका, पण तो जे बाहेर टाकतो ते खा, आणि ते म्हणजे मध. थोडक्यात, मध अशुद्धातून आलेला असला तरी ईश्वरानेच त्याला सूट दिली आहे. मग गांधीलमाशीच्या मधालाही ती सूट का नाही? तर नाही. त्याला ‘गांधीलमाशीचा मध’ असं विशेषण जोडून म्हणावं लागतं, नुसत्या ‘मध’ या शब्दात तो येत नाही.

इथे वाटा फुटल्या. पहिलं उत्तर धरलं तर गांधीलमाशीचा मधही चालतो, दुसरं धरलं तर नाही. मिश्नाच्या ‘मख्शिरीन’ भागात तो खायला चालतो असं सरळ लिहिलेलं आहे. बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू धर्मशास्त्रकारांनी तीच बाजू घेतली : माश्या रस वनस्पतींवरून तोंडात गोळा करतात आणि पोळ्यात ओकतात. 1565 मध्ये व्हेनिसला छापलेल्या ‘शुल्हान आरुख’ या ज्यू कायदेग्रंथात योसेफ कारो यांनी ‘चालतो’ असं लिहून ‘मना करणारेही आहेत’ अशी पुस्ती जोडली. त्याच ग्रंथावर टिपा लिहिणाऱ्या क्राकूवच्या मोशे इस्सर्लेस यांनी तर ‘आपल्याकडे तो मिळतच नाही’ म्हणून विषय मिटवला. त्यांचंही बरोबरच. पोलंडमधल्या गांधीलमाश्या मध साठवत नाहीत. मध साठवणारी एक जात मेक्सिकोकडे आहे, पण तिच्याबद्दल क्राकूवमध्ये कोण विचारणार!

आधुनिक काळात पहिल्या उत्तराला खरा धक्का बसला. माशी म्हणजे नुसती पिशवी नाही. फुलातला रस तिच्या पोटातल्या वेगळ्या मधुकोषात जातो. तिच्या ग्रंथींमधून स्रवणारं इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम) त्यातल्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. मग माश्या पंखांचा वारा घालून पाणी उडवतात आणि ते सुमारे 18 टक्क्यांवर आणतात. म्हणजे माशीच्या अंगचं काहीतरी त्यात उतरतंच. तरी मधावर बंदी आली नाही. याकोव यांच्या उत्तराला विकरांची फिकीर नाही, आणि पहिल्या बाजूचे लोक म्हणतात की मूळ माल फुलाचाच आहे, माशी थोडी भर घालते एवढंच. मला हा बचाव जरा ओढूनताणून केलेला वाटतो, याकोव यांचा जास्त चिवट.

राजान्नाचं, म्हणजे रॉयल जेलीचं, मात्र तसं नाही. राणीमाशीच्या अळीला भरवायचा हा पांढरट, आंबट पदार्थ तरुण कामकरी माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींमधूनच स्रवतो. पहिलं उत्तर इथे कामाला येत नाही. दुसरं लावावं, तर राजान्नाला कोणी ‘मध’ म्हणत नाही. जेरुसलेमचे रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी ते घ्यायला वाट मोकळी केली, इतर अनेकांनी नकार दिला. म्हणून कोशेर पाळणारी माणसं मधाच्या बाटलीवर ‘राजान्नयुक्त’ दिसलं की थांबतात.

या सगळ्यात एक जुना गुंता राहूनच जातो. बायबलातल्या त्या देशाच्या सात पिकांच्या यादीत जो ‘मध’ आहे, तो परंपरेने खजुराचा पाक मानतात. तिथे माशीचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे बायबलातला सगळा मध खजुराचाच असावा, असंही म्हटलं जायचं. 2007 मध्ये यार्देन खोऱ्यात तेल रेहोव इथे अमिहाय माझार यांच्या उत्खननात भाजलेली नसलेल्या मातीची आणि पेंढ्याची, सुमारे 80 सेंटिमीटर लांब नळकांडी रांगेने रचलेली सापडली. एका तोंडाला माश्यांसाठी बारीक भोक, दुसऱ्या तोंडाला मध काढायचं झाकण. इसवीसनापूर्वी दहाव्या-नवव्या शतकातलं हे मधुपालन, तेही भर वस्तीत. तिथे मिळालेल्या जळक्या अवशेषांवरून माश्या अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कीतल्या, जातीच्या होत्या असं 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. स्थानिक माशी चिडखोर आणि मध कमी देणारी, म्हणून बाहेरची आणली असावी.

रोश हशाना या नववर्षाला सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात, ती मूळची जर्मनीकडच्या अश्केनाझी ज्यूंची चाल. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू या सणाला ‘नव्याचा सण’ म्हणत, आणि त्यांच्या ताटात मान गव्हाच्या चिकाच्या हलव्याचा, नारळाचं दूध घालून केलेल्या.

बाजारातल्या बाटलीबाबत आता वेगळीच चौकशी करावी लागते. परधर्मीयाकडचा मध चालतो, असं तालमूद सांगतो, कारण भेसळ केली तर मधच बिघडेल. साखरेचे स्वस्त पाक निघाल्यापासून हा भरवसा उरलेला नाही. पेसाह या वसंतातल्या सणाच्या आठवड्यात अश्केनाझी घरांत मका वर्ज्य असतो, म्हणून त्या दिवसांत मधात मक्याचा पाक मिसळला आहे का, हेही बघून बाटली घरात येते.