मॉमी (तेलवाहू जहाज)

मॉमी हे अमेरिकी नौदलाचे सुरुवातीच्या काळातील तेलवाहू जहाज. भर समुद्रात, चालत्या अवस्थेत शेजारच्या युद्धनौकेला इंधन देण्याची पद्धत 1917 च्या उन्हाळ्यात या जहाजावर नित्याची झाली. जहाजाची एकूण कारकीर्द लांबलचक असली, तरी त्याचे नाव टिकले ते या काही आठवड्यांमुळे.

जहाजाची बांधणी कॅलिफोर्नियातील मेअर आयलंड गोदीत 1914 च्या जुलैमध्ये सुरू झाली. 17 एप्रिल 1915 रोजी जलावतरण झाले आणि 20 ऑक्टोबर 1916 रोजी लेफ्टनंट कमांडर हेन्री डिंगर यांच्या ताब्यात ते नौदलात दाखल झाले. त्या वेळी त्याची नोंद ‘इंधनवाहू जहाज क्र. 14’ अशी होती. ‘एओ-2’ हा क्रमांक 1920 मध्ये आला. नाव ओहायो-इंडियानातील मॉमी नदीवरून. अशा जहाजांना नद्यांची नावे देण्याची अमेरिकी नौदलाची रीत होती. भगिनीजहाज ‘कनाव्हा’चे नावही नदीचेच.

कनाव्हा वाफेवर चाले, मॉमी डिझेलवर. अमेरिकी नौदलाच्या पृष्ठभागावरील जहाजांपैकी डिझेल इंजिनांचे हे पहिलेच. हे तंत्र जर्मनीत पुढे गेले होते, म्हणून 1913 मध्ये चेस्टर निमिट्झ या तरुण अधिकाऱ्याला अभ्यासासाठी तिकडे पाठवले गेले. परतल्यावर न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या नौदल गोदीत मॉमीच्या इंजिनांची जुळणी त्याच्या देखरेखीखाली झाली. याच इंजिनाची माहिती पाहुण्यांना देताना त्याचा हातमोजा दातेरी चाकांत अडकला आणि डाव्या हाताच्या बोटाचा काही भाग तुटला. बोटातल्या अंगठीवर चाक अडले, नाहीतर हातच गेला असता. पुढे तो मॉमीवर मुख्य अभियंता आणि कप्तानाखालचा पहिला अधिकारी होता.

अमेरिका 6 एप्रिल 1917 रोजी पहिल्या महायुद्धात उतरली. जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची रसद तोडत आणली होती, त्यामुळे विनाशिका (लहान, वेगवान युद्धनौका) तातडीने आयर्लंडमधील क्वीन्सटाउन (आजचे कोव्ह) बंदरात पाठवायच्या होत्या. पहिल्या सहा स्वतःच्या तेलावर पोहोचल्या. पण बऱ्याच विनाशिकांच्या टाक्या लहान होत्या. अटलांटिक ओलांडायचा तर वाटेत कुठेतरी तेल मिळायलाच हवे. मॉमीला ग्रीनलंडच्या दक्षिणेस सुमारे 300 मैलांवर थांबायला सांगण्यात आले. बोचरा वारा, हिमनग, धुके आणि सतत उसळणारे पाणी, अशी ही ‘पेट्रोलपंपा’ची जागा.

समुद्रात इंधन भरण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. 1899 मध्ये ‘मार्सेलस’ या जहाजावरून ‘मॅसॅच्युसेट्स’ या युद्धनौकेला तारेवरून कोळशाच्या गोण्या देऊन पाहिल्या होत्या. काम अतिशय संथ आणि कटकटीचे. तेलाची गोष्ट निराळी, नळी जोडली की पंप बाकीचे करतो. प्रश्न होता नळी शाबूत ठेवण्याचा. दोन जहाजे जवळून समांतर चालू लागली की मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पाण्याचा वेग वाढतो, दाब घटतो आणि जहाजे एकमेकांकडे ओढली जातात. दूर गेली तर नळी तुटते, जवळ आली तर विनाशिकेचे पातळ पत्रे चेपतात.

मॉमीवरच्या मंडळींनी काढलेला तोडगा दोरखंडांचा होता. तेलवाहू जहाज साधारण 5 नॉट (ताशी सुमारे 9 किलोमीटर) वेगाने चाले. विनाशिका त्याच्या कुशीला येई आणि 10 इंची जाड दोराने तिला जणू ओढत नेले जाई. (हे माप दोराच्या घेराचे, जहाजी माणसे दोर असेच मोजतात.) शिवाय दोन आडवे दोर तिला ठरावीक अंतरावर धरून ठेवत. तेलाची रबरी नळी मॉमीच्या डोलकाठीला टांगलेल्या आधारावर झुलती ठेवत, म्हणजे दोन्ही जहाजे वेगवेगळ्या तालात डोलली तरी तिच्यावर ताण येत नसे. नवे यंत्र यात जवळजवळ काहीच नव्हते. कसब होते ते दोर सैल सोडण्या-ताणण्याचे आणि सुकाणू सांभाळण्याचे.

28 मे 1917 रोजी सहा विनाशिकांची दुसरी तुकडी आली आणि या पद्धतीने तेल घेऊन पुढे गेली. 5 जुलैपर्यंत अशा 34 विनाशिकांना तेल देऊन झाले. ऑगस्टमध्ये निमिट्झची बदली पाणबुड्यांकडे झाली.

आश्चर्य असे की नौदलाने हा धडा मोठ्या जहाजांना लगेच लावला नाही. लहान विनाशिकेला दोराने धरणे वेगळे आणि हजारो टनांची युद्धनौका किंवा विमानवाहू नौका धरणे वेगळे, असाच समज होता. 1939 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘साराटोगा’ या विमानवाहू नौकेला चालत्या अवस्थेत तेल देऊन पाहण्यात आले. देणारे जहाज मॉमीचे भगिनीजहाज कनाव्हाच आणि त्या ताफ्याचा प्रमुख निमिट्झच. डिसेंबर 1941 अखेर तो पॅसिफिक ताफ्याचा सरसेनापती झाला, आणि तळांपासून हजारो मैल दूर लढणाऱ्या त्या ताफ्याचा सगळा हिशेबच समुद्रात मिळणाऱ्या तेलावर बसवलेला होता. दोन जहाजे शेजारी चालवून तेल देण्याची रीत आज बहुतेक मोठ्या नौदलांत आहे. 2011 मध्ये मुंबईत भारतीय नौदलात दाखल झालेले ‘दीपक’ हे टँकरही याच कामासाठी आहे.

मॉमी स्वतः जून 1922 मध्ये सेवेतून बाहेर काढले गेले आणि वीस वर्षे नुसते उभे राहिले. 2 जून 1942 रोजी ते पुन्हा सेवेत आले. 1946 मध्ये ते चीनच्या राष्ट्रवादी सरकारकडे गेले, तिथे त्याचे नाव ‘ओमेई’ झाले, आणि 1967 मध्ये ते भंगारात निघाले. कनाव्हाला एवढे आयुष्य लाभले नाही; एप्रिल 1943 मध्ये सॉलोमन बेटांतील तुलागीजवळ जपानी विमानांच्या हल्ल्यात ते बुडाले.