ट्यूबचा एक वॉट म्हणे तीन वॉटांच्या बरोबर

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्या पोरांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे, की ट्यूबच्या ॲम्पचा (म्हणजे ॲम्प्लिफायर, गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) एक वॉट म्हणजे साध्या, ट्रान्झिस्टरच्या ॲम्पचे तीन वॉट. वडशाच्या झाडीपट्टी नाटकांत वाजवणारे असोत, १४ एप्रिलच्या भीमगीतांच्या प्रोग्रामवाले असोत की लग्नात वाजवणारे, बेस गिटार हातात आली की थोड्याच दिवसांत कोणीतरी जुन्या ट्यूब ॲम्पचा फोटो पाठवतं आणि विचारतं, "भाऊ, शंभर वॉटचाच आहे, पण ट्यूबचा आहे म्हनते, म्हंजे तीनशेचा धरायचा ना?" नाही बाप्पा, नाही धरायचा. वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल, शाळेत शिकलो तेच, तो काचेच्या नळीतून आला का चिपमधून आला याचं स्पीकरला काहीच घेणंदेणं नसतं. पण असं म्हणणारे खोटंही बोलत नाहीत बरं का, त्यांच्या कानाला ट्यूब खरंच मोठा वाटतो. तो का वाटतो हे कळलं की कोणता ॲम्प घ्यायचा याचं अर्धं उत्तर आपोआप मिळतं.

ट्यूबमध्ये आहे तरी काय? जुन्या वॉल्व्हच्या रेडिओत असायची तीच चीज. हवा काढून टाकलेली काचेची नळी, मधोमध निकेलची बारीक नळी म्हणजे कॅथोड, तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप, आत तापणारी तार. तार तापली की कॅथोड सात-आठशे डिग्रीला जातो आणि लेपातून इलेक्ट्रॉन अक्षरशः सुटून बाहेर पडतात. बाहेरच्या प्लेटवर चारशे-पाचशे व्होल्ट धन दाब असतो, ती त्यांना ओढते. एडिसनने १८८०च्या दशकात बल्बमध्ये पोकळीतून करंट जाताना पाहिला, फ्लेमिंगने १९०४ मध्ये त्याची दोन टोकांची ट्यूब केली आणि ली डी फॉरेस्टने १९०६ च्या सुमारास मधे एक तारेची जाळी घातली, तिला ग्रिड म्हणतात, आणि सगळा खेळ तिथून सुरू झाला. ग्रिडवर गिटारचा बारीकसा सिग्नल दिला की प्लेटचा मोठा करंट त्याच्या तालावर कमी-जास्त होतो.

आता माझ्या आवडीची जागा. सुटलेले सगळे इलेक्ट्रॉन लगेच प्लेटकडे जात नाहीत, बरेचसे कॅथोडभोवती ढगासारखे घोटाळत राहतात आणि स्वतः ऋण असल्यामुळे मागून येणाऱ्यांना परत ढकलतात. प्लेटला जे काही मिळतं ते या ढगातूनच. त्यामुळे प्लेटचा व्होल्टेज दुप्पट केला की करंट दुप्पट होत नाही, तो व्होल्टेजच्या दीड घाताने वाढतो, म्हणजे जवळपास २.८ पट. आलेखावर ही सरळ रेघ नाही, वाकडी आहे. ग्रिड जास्त ऋण होत गेली की करंट एकदम तुटत नाही, शेपटासारखा हळूहळू बारीक होतो. उलट बाजूला ग्रिड धन व्हायला लागली की ती स्वतःच इलेक्ट्रॉन ओढायला लागते आणि मागून येणारा सिग्नल तिथेच दबतो. म्हणजे दोन्ही टोकांना रेघ वाकते, मोडत नाही. ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये फीडबॅक (बाहेर पडलेल्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत देणं) भरपूर लावून रेघ फुटपट्टीसारखी सरळ केलेली असते, आणि सप्लायचा व्होल्टेज संपला की ती एका जागी कट होते. ट्रान्झिस्टरचा सिग्नल हद्दीला लागतो तेव्हा चौकटीवर डोकं आपटतं, ट्यूबचा सिग्नल कापसाच्या गंजीत जाऊन बसतो.

बेसची तार छेडली की पहिला ठोका उंच असतो आणि मागचा सूर त्याच्या मानाने बराच लहान. ट्रान्झिस्टरवर तो ठोका हद्दीला लागला की लगेच फाटल्यासारखं ऐकू येतं, म्हणून वाजवणारा आवाज खाली ठेवतो आणि शंभरातले कितीतरी वॉट नुसते ठोक्यासाठी राखून ठेवलेले असतात. ट्यूबवर ठोका दबला तरी कानाला टोचत नाही, म्हणून तोच माणूस नॉब आणखी पुढे नेतो आणि मागचा सूर मोठा होतो. हे झालं 'तीन वॉट'चं निम्मं रहस्य. वॉट तेवढेच आहेत, भीती कमी झाली आहे.

उरलेलं निम्मं आपल्या कानात आहे आणि ते जास्त भारी आहे. बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते. आपला कान तिथे जवळपास बहिराच, १००० हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू यायला जेवढा आवाज लागतो त्यापेक्षा सुमारे ५० डेसिबल जास्त दिला तेव्हा कुठे ४१ हर्ट्झ जाणवायला लागतो, आणि ५० डेसिबल म्हणजे पॉवर लाखपट. आवाज मोठा असला की ही दरी कमी होते पण जात नाही. आता लाटेचं डोकं दबलं, चपटं झालं, की त्या लाटेत नवीन सूर जन्माला येतात, ८२ हर्ट्झ, १२३, १६४, २०५. ४१ ला सा धरा, तर ८२ वरचा सा, १२३ त्याच्या वरचा पंचम आणि २०५ म्हणजे गंधार, तंबोऱ्यात कोणी न लावलेला गंधार ऐकू येतो ना, तोच पाचवा हिस्सा. एका ट्यूबमधून मुख्यतः दुसरा म्हणजे वरचा सा येतो. आउटपुटला दोन ट्यूब समोरासमोर ओढाताण करत असतात तिथे सम आकड्यांचे सूर एकमेकांना बरेचसे मारतात आणि तिसरा, पाचवा उरतात. (इथे कोणाचं डोकं गरगरलं असेल तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, काही बिघडत नाही.)

आणि मेंदू काय करतो पाहा. ८२, १२३, १६४ हे सूर एकत्र कानावर पडले की सगळ्यांमधलं अंतर ४१ आहे हे तो ओळखतो, आणि ४१ समोर नसला तरी सूर ४१ चाच आहे असं ठरवून टाकतो. जुन्या लँडलाइनवर ३०० हर्ट्झच्या खालचं काहीच जात नव्हतं, पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर तर १००-१२० च्या आसपास, तरी फोनवर कोणाचा मामा बाईसारखा वाटला नाही. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर बेस कळतो तो असाच. म्हणजे ट्यूब जास्त ताकद देत नाही, ती ताकदीचा थोडा भाग कान जागा असलेल्या पट्ट्यात नेऊन टाकते, आणि मागे ढोलक-ऑक्टोपॅडचा दणदणाट चालू असताना बेसचा सूर कोणता हे लोकांना कळतं.

इथेच फसवणूकही होते. बाजारात 'खरी ट्यूब' म्हणून छोट्या डब्या येतात, आत एक १२एएक्स७ नावाची छोटी ट्यूब बसवलेली, मागून नारिंगी एलईडी लावलेला म्हणजे ती 'पेटलेली' दिसावी, आणि बऱ्याच डब्यांत प्लेटवर व्होल्ट मात्र अगदीच जेमतेम. ट्यूबच्या तारेचा खरा उजेड मंद असतो आणि नारिंगी एलईडीने सूर बदलत नाही. अतिथंड करून गोठवलेल्या ट्यूब, बाणाच्याच दिशेने लावायच्या केबली, हे सगळं आपल्या जनरेटरला बांधलेल्या लिंबू-मिरचीच्याच जातीचं, फरक एवढाच की लिंबू-मिरची दहा रुपयांत होते.

बरं, मग घ्यायचा कोणता. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये बेस गिटार काढली आणि १९५२ मध्ये तिच्यासाठी बेसमन ॲम्प, पुढे तो गिटारवाल्यांनीच पळवला. ॲम्पेग कंपनीचा बी-१५ हा १९६० चा, पंचवीस-तीस वॉटचा आणि एकच १५ इंची स्पीकर. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन क्लबात हाच वाजवायचा, पण स्टुडिओत त्याची गिटार ॲम्पविना थेट मिक्सरच्या टेबलाला जायची. आणि १९६९ चा ॲम्पेग एसव्हीटी, ३०० वॉट, १४ ट्यूब, त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यावर गेला. त्याचं हेडच (स्पीकर सोडून नुसता ॲम्पचा डबा) ३५ किलोच्या वर आणि आठ स्पीकरांचं कॅबिनेट वेगळं. त्यात पुढे बसवायला लागले त्या सहा ६५५० ट्यूब नुसत्या तापवायलाच ६० वॉट जातात, सूर निघायच्या आधी.

हे वजन फुकटचं नाही. ट्यूबला काही हजार ओहमचा भार हवा आणि स्पीकर असतो ४ किंवा ८ ओहमचा, म्हणून मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की त्याच व्होल्टेजला लोखंडात चुंबकत्व दुप्पट साठतं. गिटारची जाड तार ८२ ची, आपली ४१ ची. म्हणून बेसच्या ट्रान्सफॉर्मरला लोखंड जास्त, आणि म्हणूनच गिटारचा ट्यूब ॲम्प स्वस्तात मिळाला तरी त्यावर मोठ्या आवाजात बेस वाजवला की सूर पिठलं होतो, शिवाय स्पीकरचा कागदी पडदा जातो तो वेगळा.

माझं मत स्पष्ट आहे. रेकॉर्डिंगला पंधरा ते तीस वॉटचा बेसचाच ट्यूब ॲम्प पुरतो, उलट तोच बरा, कारण तीनशेवाला हद्दीला नेईपर्यंत गावातली कुत्री जागी होतात. माईक लावाच, पण सोबत डीआय बॉक्सने (गिटार थेट मिक्सरला जोडणारी डबी) सरळ सिग्नलही वेगळ्या ट्रॅकवर घ्या. माईक स्पीकरपासून एक फूट दूर असेल तर तो ट्रॅक साधारण ०.९ मिलिसेकंद मागे पडतो, मिक्स करताना तेवढा सरकवून घ्या नाहीतर दोन्ही ट्रॅक मिळून बेस पातळ होतो. आणि प्रोग्रामला पूर्ण ट्यूबच्या भानगडीत पडू नका, ट्यूबचा प्रीॲम्प (सिग्नल घडवणारा पहिला टप्पा) आणि पुढे ताकद द्यायला दोन-तीन किलोचा क्लास-डी म्हणजे हलका ट्रान्झिस्टरवाला ॲम्प, त्यातून साउंडवाल्याच्या मिक्सरला लाइन, बस्स. हजार-दोन हजार माणसांच्या मंडपात तुमचा बेस पीए म्हणजे मंडपाची मोठी साउंड सिस्टिमच पोचवणार आहे, स्टेजवरचा डबा नाही.

तरी कोणाला पूर्ण ट्यूबच पाहिजे असेल तर आधी वीज पाहा. कृषिपंप चालू झाले की आपल्याकडे २३० चे १८० होतात, मग ६.३ व्होल्टच्या हीटरला मिळतात ४.९. कॅथोड अर्धवट तापतो, ढग पातळ होतो, प्लेट मात्र मागतच राहते आणि लेपाची वाट लागते. स्टॅबिलायझर लागतोच, तोही सर्व्होवाला म्हणजे मोटरने हळूहळू व्होल्टेज सावरणारा, कारण रिलेवाला टकटक करत एकदम उडी मारतो. जनरेटरचं इंजिन लोड पडल्यावर मंदावलं की ५० हर्ट्झचे ४५ होतात आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर गरम होतो. अमेरिकेतून कोणी आणून दिला असेल तर तो १२० व्होल्टचा आहे का पाहा, स्टेपडाउन लावाल, पण तो फक्त ६० हर्ट्झसाठी बनवला असेल तर आपल्या ५० वर त्याच्या लोखंडावर वीस टक्के जास्त ताण आहे. चंद्रपूरच्या ४५ डिग्रीने ट्यूबचं काही बिघडत नाही, ती आतून आठशेला आहे, पण फिल्टरचे कपॅसिटर (सप्लायचा व्होल्टेज साठवून सपाट करणारे) दर दहा डिग्रीला साधारण अर्धं आयुष्य गमावतात, तेव्हा मागची जाळी पडद्याने झाकू नका.

स्पीकरची वायर लावल्याशिवाय ट्यूब ॲम्प वाजवायचा नाही, कधीच नाही. ट्रान्झिस्टरला स्पीकर नसला तर सहसा काही होत नाही, इथे आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतो आणि आतली वाइंडिंग जळते. अर्थिंगची पिन तोडून हम (विजेची घूं अशी घरघर) घालवायचा उद्योगही करू नका. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या भाऊकडे द्यायचा असेल तर त्याला आधी सांगा की प्लग काढल्यावरही आत चारशे-पाचशे व्होल्ट साठून राहू शकतात. आउटपुटच्या ट्यूब जुळवलेल्या जोडीनेच घ्या आणि बदलल्या की बायस (सिग्नल नसताना ट्यूबमधून किती करंट वाहू द्यायचा ते) पुन्हा लावावा लागतो, कॅथोड बायसचा ॲम्प असेल तर तो बराचसा स्वतःच सावरतो, म्हणून गावाकडे तसाच परवडतो. भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी बंगळूरला ट्यूब बनवायची, आता आपल्याला चीन, रशिया आणि स्लोव्हाकियाच्या मालावर भागवावं लागतं आणि पार्सल सीझन संपल्यावर येतं, तेव्हा एक जोडी दिवाळीच्या आधीच मागवून ठेवा.