हवा संपली नव्हती, अलार्म वाजला होता

मागच्या रविवारी पुतणीची स्पर्धा बघायला गेलो होतो, इथेच ठाण्यात. 200 मीटर फ्रीस्टाईल. दोन लॅप पोरगी मस्त गेली, तिसऱ्याला मधेच डोकं वर काढलं, लेनची दोरी धरली आणि रेस संपली. बाहेर आल्यावर म्हणते, "काका, हवाच संपली." शेजारचे एक पालक लगेच सुरू, मन खंबीर पाहिजे, पॉझिटिव्ह विचार करायला शिकवा. एका ताईंकडे अल्कलाईन पाण्याची बाटली होती, त्याने म्हणे रक्तातला ऑक्सिजन वाढतो. (ते पाणी पोटातल्या ॲसिडमध्ये पडल्यावर त्याचं काय होतं हे शाळेतलं पोरगंही सांगेल, पण जाऊ दे.)

परत येताना माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि डोक्यात तेच, कारण तिची हवा संपलेलीच नव्हती.

कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर घरी पडलेला असेल तर खुर्चीत बसून (पाण्यात नाही!) बोटाला लावा आणि श्वास रोखा. माझा 40 सेकंदांत जीव कासावीस झाला आणि आकडा तरी 97. बोटापर्यंत बदल पोचायला थोडा वेळ लागतो हे धरलं तरी नंतरही तो फार खाली गेला नाही. मग कासावीस कशामुळे? कार्बन डायऑक्साईडमुळे. स्नायू तो सतत तयार करत असतात, श्वास थांबला की तो रक्तात साठतो, पाण्यात मिसळून कार्बोनिक ॲसिड होतं, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव किंचित आम्लधर्मी होतो, आणि आपण शाळेत पाठ केलेलं ते मस्तिष्कपुच्छ, तिथल्या पेशी हे ताबडतोब ओळखून बोंब मारतात की श्वास घे. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारे सेन्सर वेगळे, मानेतल्या रक्तवाहिन्यांजवळ, पण रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब साधारण 100 वरून 60 मिलिमीटरपर्यंत (पाऱ्याच्या, बीपी मोजतात तसा) उतरेपर्यंत ते बऱ्यापैकी शांत असतात, आणि 60 ला सुद्धा हिमोग्लोबिन जवळपास 90 टक्के भरलेलंच असतं कारण त्याचा ग्राफ सरळ रेषेत न उतरता आधी सपाट आणि मग एकदम घसरणारा आहे. हे किचकट वाटलं तर सोडा, एवढंच धरा की पोहताना जी घुसमट होते ती बहुतेक वेळा टाकी रिकामी झाल्याची नसते, कचरा साठल्याची असते.

आता घाबरल्यावर काय होतं बघा. पोरं तोंड पाण्यात असताना श्वास दाबून धरतात आणि मान वळवली की त्या अर्ध्या सेकंदात सोडायचाही आणि घ्यायचाही, दोन्ही करू बघतात. जुनी हवा आतच राहते, कार्बन डायऑक्साईड वाढतो, अलार्म वाजतो, अंग आखडतं, आखडलेले स्नायू अजून कार्बन डायऑक्साईड बनवतात, अलार्म अजून मोठा. हे चक्र इच्छाशक्तीने तुटत नाही, पाण्यात नाकातोंडातून सतत बुडबुडे सोडत राहिलं की तुटतं. सर लोक जे कंटाळा येईपर्यंत "बुडबुडे, बुडबुडे" ओरडतात ना, मला विचाराल तर मानसिक ट्रेनिंग म्हणतात ते हेच.

दुसरी सवय स्ट्रोक, म्हणजे हाताचे फटके, मोजायची. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये 200 मीटर बटरफ्लायच्या फायनलला मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, शेवटी तर भिंत दिसेना, गडी स्ट्रोक मोजत गेला आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांचा वर्ल्ड रेकॉर्ड करून गोल्ड घेतलं. त्याचे कोच बॉब बोमन त्याला रोज रात्री झोपताना आख्खी रेस डोक्यात पोहायला लावायचे, त्यात काही बिघडलं तर काय करायचं हेही आलं. म्हणजे व्हिज्युअलायझेशन खोटं नाही, पण त्यात फक्त मेडल दिसत असेल तर ते दिवास्वप्नच.

आणि एक धोक्याची गोष्ट. रील्समध्ये सांगतात की उडी मारण्याआधी वीसतीस जोरजोरात श्वास घ्या, ऑक्सिजन भरून ठेवा. रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच 97-98 टक्के भरलेलं असतं, त्यात भरणार काय? उलट कार्बन डायऑक्साईड बाहेर फेकला जातो, म्हणजे अलार्मची बॅटरीच काढली. मग पाण्याखाली एकदम छान वाटत असतानाच ऑक्सिजन संपतो आणि माणूस काही न कळता बेशुद्ध पडतो, चांगले पोहणारेही असे गेलेत. तलावावर "एका दमात कोण किती लांब जातो" अशी पैज लावणाऱ्या पोरांना लाईफगार्ड का हाकलतो ते यामुळे.

पुतणीला सध्या दोनच कामं दिलीत, बुडबुडे थांबवायचे नाहीत आणि प्रत्येक लॅपचे स्ट्रोक मोजायचे. पहिल्या लॅपला 46 होतात, तिसऱ्याला 53 व्हायचे. काल तिसऱ्याला 51 आले म्हणाली, पण मधे एकदा मोजायला चुकले असेन असंही म्हणाली.